बिजागरी

क्लाक्सविकच्या कारखान्यात मी दिवसभर कॉडचे काटे काढते.
काटा कुठे आहे ते सुरीला आधी कळतं,
मला मागाहून.
रात्री तेच हात लिहायला बसतात.
लिंबाने तीनदा चोळले तरी वास राहतोच,
कागदालाही आता सवय झाली असावी.

आमच्या मंडळीत साक्ष देतात.
उभं राहायचं, सांगायचं: मी अशी होते, आता अशी आहे.
लोक आमेन म्हणतात, मग कॉफी.
मला कधी जमलं नाही.
'अशी होते' आणि 'अशी आहे' यांच्या मधे
माझ्याकडे नुसतं धुकं,
आणि धुक्यात उभा एक माणूस,
जो मी नव्हे.

त्याचं नाव त्रोन्दुर.
नावेचा तळ कुठे झिरपतो ते त्याला ठाऊक होतं
आणि भावाला तो बोलला नाही.
का, ते त्याने मलाही अजून सांगितलेलं नाही.
एवढंच कळलंय की भांडण मेंढीवरून होतं.
एका. तीही लंगडी.

हानुसकाका मंडळीतले वडील.
म्हणाले, सुन्वोर, जे घडलंच नाही
ते घडलं म्हणून सांगायचं,
याला आपल्यात काय म्हणतात?
मी म्हटलं, खोटं.
ते थांबले. मीही थांबले.
केटली तेवढी बोलत होती.
मग मी म्हटलं, खोटं बोलून मला झोप लागते, काका.
हे लिहून लागत नाही.

अकरा रात्री मी त्रोन्दुरला चर्चपर्यंत चालवत आणलं.
अकराही रात्री तो फाटकाशी थांबला.
बाराव्या रात्री वैतागून
मी त्याच्या तोंडात प्रार्थना घातली.
बरी होती, नीट बेतलेली, कुणीही आमेन म्हटलं असतं.
सकाळी वाचली तर
बर्फावर मांडलेल्या माशासारखी:
डोळे उघडे, आत कुणी नाही.
खोडली.

मला ज्याने सोडवलं
त्याने माझ्या तोंडात कधी शब्द घातला नाही.
दाराबाहेर थांबला.
एकोणतीस वर्षं,
आणि इथे पाऊस आडवा पडतो.

तो स्वतः एकदाच लिहायला वाकला म्हणतात,
जमिनीवर, बोटाने,
आणि ते उतरवून घ्यायचं कुणाला सुचलं नाही.
मला त्या ओळीचा हेवा वाटतो.

तर त्रोन्दुर फाटकाशी.
आत गाणं चाललेलं. वाऱ्याने फाटक करकरलं.
त्याने ते धरलं, उचलून पाहिलं,
खिळ्यावर अंगठा फिरवला,
आणि घरी निघून गेला.
मी चिडले. दिवा मालवला.
दुसऱ्या रात्री पाहते तर तो परत आलेला,
हातोडी, तेलाची बाटली, दोन नव्या बिजागऱ्या.
कुणाला न विचारता काम केलं.
आत गेला नाही.
मी तिथेच थांबले,
पुढे लिहिणं चोरी झाली असती.

पानं हानुसकाकांनीच मागून नेली.
पंधरा दिवस काही नाही.
मग एका गुरुवारी, डोंगरावरून मेंढ्या उतरवून,
चिखलाच्या बुटांनिशी दारात.
त्रेचाळिसाव्या पानावर चहाचा डाग.
पश्चात्तापाचं विचारलं नाही.
भावाचंही नाही.
(त्यांना एक भाऊ होता. गावाला ठाऊक आहे.
गाव त्यावर हवामानाविषयी बोलतं.)
पानं टेबलावर ठेवली, टोपी पुन्हा घातली.
म्हणाले, बिजागऱ्या कसल्या?
मी म्हटलं, लोखंडी.
"गंजतील. दोन हिवाळे पुरे.
इथल्या वाऱ्याला पितळच लागतं.
नावा बांधणारा माणूस तो,
त्याला हे कळत असणार."
आणि गेले.

मी पेन्सिल शोधली.
लोखंड खोडलं.